गरुडाच्या घरट्याची वही

आमच्या घरी एकाच पक्ष्याला दोन नावे आहेत. माझे माहेर खानापूर तालुक्यातले, मलप्रभेच्या काठचे. तिथे आम्ही त्याला घार म्हणत आलो. कोणी पुस्तके वाचणारा असला तर 'ब्राह्मणी घार' म्हणायचा. सासर धारवाडचे, कन्नड बोलणारे. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाई गच्चीवर सांडगे घालता घालता थांबल्या, पिठाचे हात तसेच जोडले आणि म्हणाल्या, "गरुड बंतु नोडु." मी मोठ्या उत्सुकतेने वर पाहिले, तर आमची घारच! मला हसू आले. ते त्यांनी पाहिले, पण बोलल्या काही नाहीत.

तुम्हीही हा पक्षी पाहिलेला असणार. डोके आणि छाती पांढरीशुभ्र, बाकी सगळे अंग भाजलेल्या विटेच्या रंगाचे. तळ्यावर, धरणावर, पाणी भरलेल्या भाताच्या वाफ्यांवर तो संथपणे फिरत असतो. गावातली नेहमीची काळसर घार आणि ही यांत एक सोपा फरक आहे. काळ्या घारीची शेपटी टोकाला दुभंगलेली असते, हिची गोलसर. पिल्ले मात्र पहिले वर्षभर तपकिरीच असतात आणि जाणत्यांनाही चकवतात.

वडील गेल्यावर आई गावी एकटी राहू लागली. धाकटा भाऊ शेजारीच, पण वेगळ्या घरात. नोकरीतून मोकळी झाल्यावर मी दर शनिवारी बेळगावहून गावी जायचे आणि सोमवारी परतायचे. मागच्या पडवीत चहा घेऊन बसले की समोर भाताची जमीन, तिच्या बांधावर आजोबांच्या वेळचा रायवळ आंबा आणि पलीकडे नदीची झाडी दिसते. त्या आंब्यावर ही जोडी घरटे बांधते हे माझ्या लक्षात आले 2022 च्या जानेवारीत. गावाचे नाव मी देणार नाही. घरट्यावर लक्ष ठेवणाऱ्यांनी पत्ता सांगायचा नसतो.

आणि हे शहाणपण मला पहिल्यापासून होते असे समजू नका. त्या पहिल्या वर्षी मी जे केले ते सांगायला आजही जड जाते. मादी घरट्यात बसू लागली होती. अंडी किती आहेत ते पाहावे म्हणून मी आणि भाचीने, म्हणजे भावाच्या मुलीने, लांब वेळूला मोबाइल बांधला आणि झाडाखाली गेलो. आम्ही जवळ येताच मादी उठली आणि रडवेल्या आवाजात ओरडत वर घिरट्या घालू लागली. वेळू काही तेवढा पोचेना. आम्ही आणखी पाच मिनिटे, आणखी पाच मिनिटे करत अर्धा तास खटपट केली. तेवढ्यात दोन डोमकावळे घरट्याच्या काठावर उतरले. आम्ही आरडाओरडा केला, ढेकळे मारली. एक कावळा उडाला तो चोचीत निळसर पांढरे काहीतरी घेऊनच. नंतर मादी परत येऊन बसली. पण आठवडाभरात ती जोडी घरटे सोडून गेली. भाची त्या रात्री जेवली नाही. मी जेवले, पण आईने विचारल्यावर खरे सांगितले नाही.

पुढच्या हंगामाआधी मी थोडे वाचले, चार जाणत्या पक्षीनिरीक्षकांना विचारले. सगळ्यांनी एकच सांगितले. लांब बसा, ठरल्या वेळी बसा आणि दिसेल ते लिहा. अंडी मोजायची गरजच नसते, मादी बसली म्हणजे अंडी आहेत. पिल्ले दिसत नसली तरी आईबाप मासा आणून, फाडून, मान खाली घालू लागले की पिल्लू बाहेर आले हे कळते. घरट्याखालच्या पानांवर पांढरे शिंतोडे वाढू लागले की पिल्लू मोठे होते आहे, कारण ते घरट्याच्या काठावरून बाहेर शिटते. सगळे दोनशे पावलांवरून कळते. आमच्या पडवीपासून त्या आंब्यापर्यंत बरोबर दोनशे वीस पावले भरली. म्हणजे जागा वर्षभर आमच्या बुडाखालीच होती!

डिसेंबर 2022 मध्ये जोडी आली आणि आम्ही वही घातली. आम्ही म्हणजे चार जण. मी, बारावीला असलेली भाची, गावातले निवृत्त पोस्टमास्तर आणि शेजारच्या मळ्यातल्या कन्नड अज्जींचा सातवीतला नातू. पोस्टमास्तरांना रोजच्या पावसाचे आकडे लिहायची जुनी सवय, त्यामुळे वहीला शिस्त त्यांनी लावली. तारीख, वेळ, हवा, घरट्यात कोण, काय आणले, कोणी त्रास दिला. "वाटले ते लिहायचे नाही, दिसले ते लिहायचे," हा त्यांचा नियम. सकाळी सात ते आठ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेपाच अशा पाळ्या. दुर्बीण एकच, माझी. मोबाइलने फोटो काढायला बंदी. नातवाची शाळा कन्नड, त्यामुळे तो कन्नडमध्ये लिहायचा. गूडु, तत्ती, मीनु, एडि. पोस्टमास्तर मराठीत. भाची दोन्हींत, जशी घाई असेल तशी. त्या मुलाच्या नोंदी वाचता वाचता मला खेकड्याचा कन्नड शब्द लग्नानंतर पस्तीस वर्षांनी पाठ झाला.

संक्रांतीपर्यंत काड्या येत राहिल्या. जुन्या घरट्याचीच डागडुजी चालली होती. हे पक्षी त्याच भागात, जमल्यास त्याच झाडावर वर्षानुवर्षे येतात. आत हिरवी पाने, चिंध्या, एकदा तर खताच्या पोत्याचा निळा दोरा. बांधकामात दोघेही. नर कोणता आणि मादी कोणती हे रंगावरून सांगता येत नाही, दोघांची वर्दी एकच. मादी जरा थोराड एवढेच. 22 जानेवारी 2023, रविवार. सकाळी एक पक्षी घरट्यात खोल बसलेला, फक्त पांढरे डोके दिसत होते. संध्याकाळीही तसाच. सोमवारीही. बसली! अंडी साधारणपणे 26-27 दिवस उबवावी लागतात हे वाचलेले होते. पोस्टमास्तरांनी बोटांवर मोजले आणि म्हणाले, "म्हणजे महाशिवरात्र."

आता या सगळ्यात मला एक गोष्ट ठाऊक नव्हती. ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कळली. भावाने तो आंबा लाकूडवाल्याला विकला होता. दहा हजारांचा विसारही घेतला होता. मसूर निघाली की रान मोकळे होते, ट्रॅक्टर थेट बांधापर्यंत येतो. तेव्हा झाड तोडायचे ठरले होते. जमीन वाटणीत त्याच्याकडे गेलेली, झाड त्याचे. मला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

मी त्याला आईसमोर बोलले, आणि चढ्या आवाजात बोलले. तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "आक्का, शनिवारी येतीस, सोमवारी जातीस. दुर्बीण लावून बघायला तुला काय जातंय? जूनमधी पोरीची फी कोण, तुझी ती घार भरणार हाय काय?"

मी गप्प झाले. भाचीला नर्सिंगला जायचे होते. त्या वर्षी भाताला अवकाळीने झोडपले होते. तिच्या फीसाठी तो आंबा जाणार होता, आणि हे ती पोर डिसेंबरपासून जाणून होती. रोज सकाळी त्या झाडासमोर बसून लिहीत होती, पण एका शब्दाने बोलली नव्हती. मी नंतर विचारले तर म्हणाली, "आत्ती, सांगून काय करणार होतीस?"

कायद्याचा धाक घालता आला असता. 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार अशा पक्ष्याचे घरटे मोडणे, अंडी-पिल्लांना इजा करणे गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पण सख्ख्या भावाला वनखात्याची भीती घालून मग त्याच पडवीत चहा कसा प्यायचा? शेवटी आठ दिवसांनी मी वही घेऊन त्याच्या घरी गेले. आर्जव केले नाही. त्याच्यासमोर तारखा ठेवल्या. मादी बसली 22 जानेवारीला. पिल्लू अठरा फेब्रुवारीच्या आसपास निघेल. या जातीचे पिल्लू साधारण सात-आठ आठवड्यांनी उडते, म्हणजे एप्रिलचा मध्य. त्याला वर थोडे दिवस. पाऊस जूनमध्ये. तुझा ट्रॅक्टर मेच्या अखेरीसही बांधापर्यंत जातो.

"एक घार गेली तर काय बिघडतंय?" त्याने विचारले. प्रश्न उर्मटपणाचा नव्हता, त्याला खरेच जाणून घ्यायचे होते.

मी त्याला गिधाडांची आठवण दिली. आमच्या लहानपणी मेलेली म्हैस माळावर टाकली की तासाभरात गिधाडे उतरायची. कधी नाहीशी झाली, कोणाच्या लक्षात आहे? गावोगाव कोणी लिहूनच ठेवले नव्हते. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांच्याकडे मात्र 1980 च्या दशकातली मोजणी होती. 1990 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा मोजले तेव्हा गिधाडे झपाट्याने संपत चालल्याचे उघड झाले. 2004 साली कारण सापडले. गुरांना सुजेवर, दुखण्यावर देतात ते डायक्लोफिनॅक. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी व्हायची. 2006 साली गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली एकसुद्धा उरली नव्हती. कर्नाटकात रामनगरजवळच्या रामदेवरबेट्टावर लांब चोचीची गिधाडे थोडी टिकली, म्हणून 2012 साली तिथे खास गिधाडांसाठी अभयारण्य झाले. "ते औषध आपल्या बैलालाबी टोचलंय," भाऊ म्हणाला. त्याने वही हातात घेतली, पाने उलटली. मुलीचे अक्षर पाहत बराच वेळ बसला. मग लाकूडवाल्याला फोन लावला आणि मेअखेरची तारीख दिली. लाकूडवाला फोनवर काय काय बोलला ते मी इथे लिहीत नाही. विसारातले तीन हजार त्याने परत मागून घेतले. ते मी दिले.

महाशिवरात्र, 18 फेब्रुवारी, शनिवार. आईचा उपास होता, अज्जी शेजारून बेलाची पाने द्यायला आल्या होत्या. सव्वासातला एक पक्षी मासा घेऊन आला आणि निघून जाण्याऐवजी बसलेली मादी काठावर सरकली. तिने माशाचा बारीक तुकडा तोडला, मान खाली घातली आणि तशीच थांबली. परत तोडला, परत मान खाली. पोस्टमास्तर खुर्चीवरून उठले. अज्जींना काय चालले आहे ते सांगितले तेव्हा त्यांनी झाडाच्या दिशेने हात जोडले. या खेपेला मला हसू आले नाही.

26 फेब्रुवारीला दोन पांढुरकी, कापसाच्या बोंडासारखी डोकी दिसली. 12 मार्चपासून एकच. दुसऱ्याचे काय झाले ते आमच्या पाळ्यांमध्ये कोणाला दिसले नाही. भाचीची बारावीची परीक्षा तेव्हाच सुरू झाली होती. तिने त्या दिवशीच्या रकान्यात फक्त 'एक' लिहिले आणि अभ्यासाला गेली.

खाण्याच्या नोंदींची दोन पाने भरली आहेत. मला वाटले होते मासेच मासे असतील. मासे होतेच, पण खेकडे, बेडूक, वाफ्यातले उंदीर, एकदा हातभर लांबीचा साप, आणि एकदा, नातवाच्या अक्षरात, 'कोळी इल्ला' म्हणजे 'कोंबडी नाही'. अज्जींच्या कोंबडीच्या पिल्लांवर गरुडाचा आळ आला होता. मुलाने दोन आठवडे खास लक्ष ठेवून घरट्यात कोंबडीचे एकही पिल्लू आले नाही असे लिहिले. चोर पुढे खुराड्यामागे सापडला. मुंगूस!

पाडव्याला, 22 मार्चला, आमच्याकडे गुढी, अज्जींकडे बेवु-बेल्ला. पिल्लू घरट्यात उभे राहून पंख झाडत होते. 9 एप्रिलला घरट्यातून बाजूच्या फांदीवर आले आणि दिवसभर तिथेच भेदरल्यासारखे चिकटून बसले. पुढच्या रविवारी, 16 एप्रिलला, मी गावी पोचले तर घरटे रिकामे. काळजात धस्स झाले. तेवढ्यात नातू बांधावरून धावत आला, "मरी हारितु! मरी हारितु!" अज्जींच्या वडावर तपकिरी, गबाळे, फांदीवर नीट उतरता न येणारे ते पिल्लू बसले होते. माझ्या तोंडून नकळत कन्नडच निघाले.

"उडालं न्हवं? झालं मग," भाऊ म्हणाला.

इथे वहीचा दुसऱ्यांदा उपयोग झाला. उडाले म्हणजे सुटले असे नसते. पिल्लाला शिकार येत नाही, आईबाप कित्येक आठवडे भरवतात, आणि बहुतेक वेळा त्याच घरट्यावर आणून ठेवतात. सांगून पटेना. 29 एप्रिलला सकाळी भाऊ स्वतः पडवीत येऊन बसला. निवडणुकीचे दिवस, रस्त्यावरून कर्ण्यांच्या गाड्या जात होत्या. पावणेआठला मोठा पक्षी मासा घेऊन आंब्यावर उतरला, मासा घरट्यात टाकला आणि बाजूला झाला. वडावरून पिल्लू ओरडत आले, काठावर आपटले, सावरले आणि पंखांचा आडोसा करून खाऊ लागले. भाऊ दुर्बीण डोळ्यांवरून काढेना. शेवटी वहीत त्यानेच लिहिले. कन्नड शाळेत शिकलेला तो, मोठ्या, शेतकरी अक्षरात. 'मीनु. 7.45.'

20 आणि 21 मे, दोन दिवस चारही पाळ्यांत आंब्यावर कोणी आले नाही. पिल्लू नदीपलीकडे घिरट्या घालताना दिसले. 26 मेला झाड तोडले. मी बेळगावात होते, मुद्दाम गेले नाही. आई म्हणाली, करवतीचा आवाज येऊ लागला तशी ती देवघरात जाऊन बसली. जूनमध्ये भाचीला प्रवेश मिळाला. झाड वाचले नाही याबद्दल काही पक्षीमित्रांनी मला बोल लावला. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. पण त्यांच्यापैकी कोणाला त्या पोरीची फी भरायची नव्हती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा देशभरच्या पक्ष्यांचा अहवाल आला. 942 जातींचा आढावा, आणि तो तीस हजारांवर हौशी निरीक्षकांनी पाठवलेल्या नोंदींवरून घेतलेला. मांस खाणारे पक्षी इतरांपेक्षा वेगाने घटत आहेत, असे त्यात आहे. आमची वही त्यात नव्हती. तेव्हापासून आम्ही नोंदी ईबर्डवर घालतो, घरट्याची नेमकी जागा न सांगता.

वाचकांपैकी कोणाला घराजवळ असे घरटे दिसले तर एवढेच सांगेन. पक्षी तुमच्याकडे बघून ओरडू लागला किंवा घरटे सोडून उठला तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका. नीट दिसावे म्हणून आडव्या फांद्या तोडू नका. त्या सावलीसाठी आणि कावळ्यांपासून आडोशासाठी असतात. पिल्लू खाली पडले तर घरी नेऊन दूधभात भरवू नका. वनखात्याला कळवा आणि ते येईपर्यंत कुत्र्यामांजरांना लांब ठेवा. अंड्यांचा फोटो कोणी मागितला तर देऊ नका.

डिसेंबर 2023 मध्ये जोडी येईल असे मला वाटले नव्हते. पण ती आली. दोन दिवस तोडलेल्या आंब्याच्या बुंध्यावरच्या रिकाम्या आकाशात फिरली. तिसऱ्या दिवशी पोस्टमास्तरांचा फोन आला, "काड्या वडावर चालल्यात." वड अज्जींचा. तिथे विसार वगैरे काही चालत नाही. आता बांधावर कोणी नवखा माणूस वळला की अज्जी दारातूनच ओरडतात, "गूडिन कडे होगबेडि!" आमच्या पडवीतून तो वड नीट दिसत नाही, म्हणून खुर्च्या अज्जींच्या अंगणात गेल्या आहेत, आणि चहाही त्यांचाच. 2024 मध्ये एक पिल्लू उडाले.

भाची सुट्टीला आली की पहिल्यांदा वही मागते. तिसऱ्या हंगामातले पहिले पान नातवाने लिहिले आहे, बहुतेक कन्नडमध्ये, शेवटची ओळ माझ्यासाठी मराठीत. 12 जानेवारी 2025, रविवार, सकाळी 7.40. थंडी, थोडे धुके. दोघेही वडावर. एकाच्या चोचीत काडी, ती खाली पडली. परत आणायला गेला.